तेरा वसाहतींना स्वातंत्र्य हवंसं कधी झालं आणि का?

प्रश्न असा आहे: चहावर रत्तलामागे तीन पेन्स कर बसला म्हणून अमेरिकेतल्या तेरा वसाहती खरंच ब्रिटिश साम्राज्य सोडून गेल्या का, आणि वेगळं होण्याचा विचार त्यांच्या मनात नेमका कधी आला?

आधी 'कधी'चं उत्तर देतो, कारण पाठ्यपुस्तकं तिथेच घाई करतात. १७७५ साल सरत येईपर्यंत स्वातंत्र्य ही तिथल्या बहुतेकांची मागणी नव्हती. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डला रक्त सांडलं, तरी त्यानंतर जवळजवळ सव्वा वर्ष हे लोक लढत होते ते राजाची प्रजा म्हणूनच. करांची रक्कमही बहुतेक वेळा किरकोळ होती. खरा वाद होता तो या पैशातून पगार कोणाचा होणार, यावर.

आपल्याकडे वाचताना एक गोष्ट हमखास निसटते. हे 'वसाहतवाले' म्हणजे इंग्रजांनी जिंकलेली प्रजा नव्हे. ते बहुतांशी ब्रिटनमधून, शिवाय जर्मनी, हॉलंड वगैरे भागांतून येऊन स्थायिक झालेले लोक आणि त्यांचे वंशज. मूळ रहिवाशांच्या जमिनी त्यांनीच घेतल्या होत्या. १७७५ च्या सुमारास वसाहतींची लोकसंख्या साधारण २५ लाख होती आणि त्यातले जवळपास पाच लाख गुलाम होते. स्वतःला ते इंग्रज समजत, आणि इंग्लंडात राहणाऱ्या इंग्रजाला जे हक्क आहेत तेच आपल्यालाही आहेत, हा त्यांचा पहिला आणि बराच काळ एकमेव दावा होता. दादाभाई किंवा टिळक यांच्या लढ्याशी तुलना करायची तर हा फरक मनात ठेवूनच करावी.

१७६३ पूर्वी कारभार कसा चाले, ते पाहू. बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजा नेमायचा, पण कर बसवायचा अधिकार वसाहतीनं निवडलेल्या विधिमंडळाकडे असे. गव्हर्नरचा पगारही बऱ्याच ठिकाणी तेच मंजूर करी आणि तो वर्षाच्या बोलीनं. विधिमंडळाला नको असलेलं काही गव्हर्नरनं केलं की पगार अडकायचा. १७२८-२९ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर बर्नेट यांनी राजाच्या हुकमाचा आधार घेऊन कायमस्वरूपी पगार मागितला. विधिमंडळानं एकरकमी भेट देऊ केली, पण कायमचा पगार काही केल्या मान्य केला नाही. तिजोरीची ही किल्ली हातात होती म्हणून तीन हजार मैलांवरच्या राजाचं राज्य लोकांना जाचत नव्हतं. पुढच्या प्रत्येक भांडणात ही किल्ली कोणीतरी हिसकावू पाहतंय, एवढं लक्षात ठेवलं की घटनांची माळ आपोआप लागते.

१७५६ ते ६३ चं सप्तवार्षिक युद्ध ब्रिटननं जिंकलं, कॅनडा फ्रेंचांकडून घेतला, आणि कर्जात बुडाला. १२ कोटी पौंडांच्या वर गेलेल्या कर्जाच्या व्याजातच सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा जात होता. त्यात अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायम ठेवायचं ठरलं. त्यांच्या खर्चातला काही वाटा तरी वसाहतींनी उचलावा, असं लंडनला वाटलं. इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता, त्यामुळे लंडनच्या बाजूनं ही अपेक्षा अवाजवी नव्हती. पण फ्रेंच गेल्यामुळे या सैन्याची गरजच वसाहतींना पूर्वीइतकी वाटेनाशी झाली होती. शिवाय ऑक्टोबर १७६३ च्या जाहीरनाम्यानं ॲपलेशियन डोंगररांगेपलीकडे वस्ती करायला बंदी घातली. मूळ रहिवाशांशी नवी युद्धं नकोत, हा हेतू. पण पलीकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेले व्हर्जिनियाचे बडे जमीनदार त्यामुळे दुखावले.

१७६४ चा साखर कायदा नावानं साखरेचा, पण मुख्य भांडण मळीचं. परक्या बेटांवरून येणाऱ्या मळीवर १७३३ पासून गॅलनमागे सहा पेन्स जकात होतीच. ती कोणी भरत नसे, जकातदाराला थोडी चिरीमिरी देऊन पिंपं उतरवली जात. नव्या कायद्यानं जकात निम्मी, म्हणजे तीन पेन्स केली. मात्र ती खरोखर वसूल करायची व्यवस्था लावली. खटले ज्यूरी नसलेल्या सागरी न्यायालयात चालवायची सोय केली. कर अर्धा होऊनही लोक चिडले ते यामुळेच. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींतल्या, रमच्या भट्ट्या या मळीवर चालत.

पहिला खरा भडका १७६५ च्या मुद्रांक कायद्यानं उडाला. १ नोव्हेंबरपासून करारपत्रं, न्यायालयाचे कागद, जहाजांचे परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, सगळं लंडनहून आलेल्या मुद्रांकित कागदावरच हवं. वर्तमानपत्राच्या पूर्ण तावाला एक पेनी, प्रत्येक जाहिरातीला दोन शिलिंग, पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा शिलिंग, पदवीच्या कागदाला दोन पौंड, वकिलीच्या सनदेला दहा पौंड. हे सगळं ब्रिटिश चलनात भरायचं, आणि तेच वसाहतींत दुर्मीळ. कारण वर्षभरापूर्वीच्या चलन कायद्यानं कागदी नोटा कायदेशीर देणं म्हणून काढायला बंदी केली होती. हा कर कोणावर पडला ते पाहा: वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळी-गुत्तेवाले. गावात सर्वांत जास्त बोलणारे, लिहिणारे आणि चार माणसं जमवू शकणारे हेच लोक. लंडननं आपले विरोधक स्वतःच्या हातानं एकत्र आणून दिले.

कायदा हाणून पाडायची युक्ती साधी होती. कागद विकायला प्रत्येक वसाहतीत एक वितरक नेमलेला होता. तोच राहिला नाही तर कागद विकणार कोण? १४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये वितरक अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला, त्यांची इमारत पाडली, घरावर दगड घातले. त्यांनी पद सोडायचं कबूल केलं आणि इतर वसाहतींतही एकेक वितरक राजीनामा देत गेला. १ नोव्हेंबर उजाडला तेव्हा बहुतेक ठिकाणी कागद विकायला माणूस नव्हता. काही ठिकाणी न्यायालयं बंद पडली, आणि थोड्याच दिवसांत जहाजं बिनमुद्रांकाची सुटू लागली. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे २७ प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. त्यांच्या ठरावात राजाबद्दलची निष्ठा आधी आहे, तक्रार नंतर. आमच्यावर कर फक्त आमचे निवडलेले प्रतिनिधी लावू शकतात, हे त्या तक्रारीचं सार. लंडनचं उत्तर होतं की पार्लमेंटमधला प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचाच प्रतिनिधी असतो. मँचेस्टरला तरी स्वतःचा सभासद कुठे आहे? वसाहतींत, जिथे प्रतिनिधी त्याच गावात राहणारा असे, हे कोणाला पटण्यासारखं नव्हतं.

वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला, त्या फटक्यामुळे ब्रिटिश व्यापाऱ्यांनी सरकारला गळ घातली आणि १८ मार्च १७६६ ला कायदा रद्द झाला. त्याच दिवशी दुसरा कायदा झाला: वसाहतींवर 'कोणत्याही बाबतीत' बंधनकारक कायदे करायचा पार्लमेंटला अधिकार आहे. अमेरिकेत लोकांनी रोषणाई केली आणि त्या दुसऱ्या कागदाकडे फारसं लक्ष दिलं नाही.

१७६७ चे टाउनशेंड कायदे, म्हणजे ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंड यांनी आयात मालावर बसवलेल्या जकाती, अभ्यासताना विद्यार्थी काच, शिसं, रंग, कागद, चहा अशी यादी पाठ करतात आणि मुख्य कलम सोडून देतात. या जकातीतून येणाऱ्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार द्यायची तरतूद होती. ती अमलात आली असती तर विधिमंडळाच्या हाती गव्हर्नरला अडवायचं काही उरलं नसतं. पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी आपल्या पत्रमालेत नेमकं हेच दाखवून दिलं: व्यापार मार्गी लावण्यासाठीची जकात चालेल, उत्पन्नासाठीची नाही, मग ती कितीही थोडी असो. पुन्हा बहिष्कार सुरू झाला. बायकांनी घरोघर सूत कातायला घेतलं, आणि अंगावर हातकताईचं कापड घालणं ही देशाभिमानाची खूण झाली. ऑक्टोबर १७६८ मध्ये बॉस्टनला पलटणी उतरल्या. ५ मार्च १७७० ला जमावावर गोळीबार होऊन पाच जण दगावले. नेमक्या त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी चहा सोडून बाकी जकाती उठवायचा प्रस्ताव मांडला होता. इकडची बातमी तिकडे जायला सहा-आठ आठवडे लागत, उत्तर परत यायला तेवढेच. या दशकातल्या किती चुका निव्वळ या अंतरानं झाल्या, याचा हिशेब कोणीतरी सविस्तर मांडायला हवा.

१७७० ते ७३ वरवर शांत गेलं. पण १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांनी विधिमंडळाला कळवलं की आपला पगार आता राजाकडून येणार. मागोमाग न्यायाधीशांबद्दलही तीच बातमी आली. बॉस्टनचे पुढारी सॅम्युएल ॲडम्स यांच्या पुढाकारानं २ नोव्हेंबरला बॉस्टनच्या नगरसभेनं २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमली, आणि गावोगावच्या तशाच समित्यांशी तिचं लिहिणं सुरू झालं. पुढचं सरकार या समित्यांच्या पोटात वाढलं. आणि त्यांचं निमित्त चहा नव्हता, पगार होता.

चहाच्या गोष्टीत आपलाही धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनी १७७२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर होती. बंगालचा भयानक दुष्काळ, लष्करी खर्च, लंडनमधली पतटंचाई असं सगळं एकदम आलं होतं आणि वखारींत सुमारे १ कोटी ७० लाख रत्तल चहा पडून होता. तो चहा चीनचा बरं का. आसामचा चहा फार पुढचा. १७७३ मध्ये ब्रिटिश सरकारनं कंपनीला १४ लाख पौंड कर्ज दिलं, आपण शाळेत शिकतो तो रेग्युलेटिंग ॲक्ट केला, आणि त्याच वर्षी चहा कायदाही केला. आता कंपनी लंडनचा लिलाव टाळून थेट अमेरिकेत, स्वतः निवडलेल्या अडत्यांकरवी चहा विकणार होती. चहा स्वस्त होणार होता, तरी तीन पेन्स जकात कायम होती. स्वस्ताईतला डाव लोकांनी ओळखला: स्वस्त चहा प्यायलात की जकात मान्य केलीत. शिवाय डच चहाची चोरटी आयात करणारे आणि सरळ धंदा करणारे, दोन्ही व्यापारी एकाच वेळी बाजूला पडले. बॉस्टनच्या अडत्यांत हचिन्सन यांचे दोन मुलगे होते, म्हणजे संशयाला जागाच उरली नाही. डिकिन्सन यांनी त्या वर्षीच्या एका पत्रकात बंगालच्या दुष्काळाचा हवाला देऊन विचारलं की आशियात ज्यांनी हे केलं, त्यांना आपण दारात घ्यायचं का?

बॉस्टनच्या लोकांनी हा चहा समुद्रात फेकला तो १६ डिसेंबर १७७३ च्याच रात्री का, याचं कारण जकातीच्या नियमात आहे. जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात खातं माल जप्त करी. चहाचं पहिलं जहाज 'डार्टमाउथ' २८ नोव्हेंबरला आलं, म्हणजे १७ डिसेंबरला मुदत संपत होती. जप्त केलेला चहा सरकार उतरवून विकणार आणि कर वसूल झाल्यासारखाच होणार. जहाज तसंच परत पाठवायचं तर गव्हर्नरचा परवाना हवा, आणि त्याशिवाय निघालं तर किल्ल्यावरच्या तोफा. मालक रॉच त्या दिवशी मिल्टनला जाऊन हचिन्सन यांच्याकडे परवाना मागून आले, नकार मिळाला. हजारो लोक ओल्ड साउथ सभागृहात वाट पाहत होते. रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून ९२ हजार रत्तलांहून अधिक, म्हणजे सुमारे ४२ टन चहा पाण्यात गेला. कंपनीनं किंमत लावली ९,६५९ पौंड. त्यावरची जकात हिशेबानं जेमतेम साडेअकराशे पौंड होते.

लंडननं याची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये जे चार कायदे केले, तिथे गाडी घसरली असं माझं स्पष्ट मत आहे. बॉस्टनचं बंदर बंद करणं लोकांनी सोसलं असतं. मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलणं मात्र कोणी सोसणार नव्हतं: वरिष्ठ सभागृह आता राजा नेमणार, नगरसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच, खटल्यांतल्या ज्यूरीची निवड आता शेरीफ, म्हणजे गव्हर्नरनं नेमलेला अधिकारी, करणार. बॉस्टनच्या चहाशी काडीचा संबंध नसलेला खेड्यातला शेतकरीही यात सापडला. आज पार्लमेंट एका वसाहतीची सनद मोडू शकतं तर उद्या आपली, हे व्हर्जिनियालाही कळलं.

६ सप्टेंबर १७७४ ला वूस्टर गावात जे झालं ते बॉस्टनच्या चहाइतकंच माहीत असायला हवं. न्यायालय नव्या कायद्याखाली बसणार होतं. ३७ गावांमधून साधारण ४,६०० माणसं गावोगावच्या तुकड्यांनी आली आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी राहिली. न्यायाधीश आणि इतर अधिकारी टोपी हातात घेऊन त्या दोन रांगांमधून चालले, आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जावं म्हणून पद सोडल्याचं निवेदन त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. कोणाला जखमही झाली नाही. बॉस्टन शहर सोडलं तर मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिटिश राज्य त्या महिन्यात संपल्यात जमा होतं. लेक्सिंग्टनच्या आधी सात महिने.

सप्टेंबरमध्येच फिलाडेल्फियात वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली काँग्रेस भरली. जॉर्जिया सोडून बारा वसाहती आल्या होत्या. साम्राज्यातच राहून वसाहतींचं एक सामाईक मंडळ करण्याची जोसेफ गॅलोवे यांची योजना सहा विरुद्ध पाच मतांनी बाजूला पडली. इतकं ते अटीतटीचं होतं. काँग्रेसनं व्यापारबंदीचा करार केला: १ डिसेंबर १७७४ पासून आयात बंद, आणि तक्रारी दूर न झाल्यास १० सप्टेंबर १७७५ पासून निर्यात बंद. अंमलबजावणीचं काम प्रत्येक गावातल्या, परगण्यातल्या निवडलेल्या समितीकडे. व्यापाऱ्याच्या वह्या तपासा, गलबतातून उतरलेला माल ताब्यात घ्या, नियम मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापा आणि त्याच्याशी व्यवहार तोडा. ब्रिटनमधून होणारी आयात वर्षभरात नव्वद टक्क्यांहून अधिक घसरली. या समित्यांनी विरोधकांवर जबरदस्तीही केली, डांबर-पिसं फासली, हेही लिहायला हवं. पण कर, माल, बंदुका आणि बातमी या चारही गोष्टी आता त्यांच्या हातात होत्या.

आता राजापुरतं नातं उरलं होतं. वसाहतींचे पुढारी म्हणू लागले होते की पार्लमेंटचा आमच्यावर अधिकार नाही, आम्ही फक्त राजाचे. म्हणून ते समोरच्या फौजेला राजाचं नव्हे, 'मंत्र्यांचं सैन्य' म्हणत. जून १७७५ मध्ये बंकर हिलच्या लढाईत ब्रिटिशांचे हजारांवर लोक मेले-जखमी झाले. तरी जुलैत काँग्रेसनं राजाला समेटाचा शेवटचा अर्ज पाठवला. तो मंत्र्यांच्या हाती अधिकृतपणे १ सप्टेंबरला पडला. त्याआधीच, २३ ऑगस्टला, राजानं वसाहतींत बंड झाल्याचं जाहीर केलं होतं, आणि अर्जाला उत्तर द्यायचं नाकारलं.

पुढच्या सहा महिन्यांत एकेक दोर तुटला. नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी बंडखोरांचे जे गुलाम ब्रिटिशांकडून लढतील त्यांना मुक्ती जाहीर केली. गुलामांसाठी ती खरी संधी होती आणि शेकडो धावून गेले. दक्षिणेतले द्विधा मनाचे मळेवाले मात्र त्याच दिवशी बंडखोर झाले. डिसेंबरच्या कायद्यानं वसाहतींचा सारा व्यापार बंद करून त्यांची जहाजं शत्रूची म्हणून पकडायला मोकळीक दिली. राजानं संरक्षणाबाहेर काढलेली प्रजा ही प्रजा कसली, हा तर्क काँग्रेसमधले मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी जॉन ॲडम्स यांनी लगेच मांडला. मे महिन्यात बातमी आली की राजानं जर्मन संस्थानिकांकडून भाडोत्री फौज घेतली आहे.

टॉमस पेन यांचं 'कॉमन सेन्स' जानेवारी १७७६ चं. पेन जेमतेम तेरा-चौदा महिन्यांपूर्वी इंग्लंडहून आलेले. त्यांनी वाईट मंत्र्यांवरचा राग सोडून थेट राजेशाहीवर घाव घातला, आणि तेही लॅटिन अवतरणांशिवाय, बायबल वाचणाऱ्या कारागिराला समजेल अशा भाषेत. पुस्तिकेत आणखी एक व्यवहारी मुद्दा आहे, त्याकडे कमी लक्ष जातं: आपण स्वतःला ब्रिटिश प्रजा म्हणवतो तोवर फ्रान्स किंवा स्पेन मदत का करील? फ्रान्सनं १७७८ मध्ये तह केला तो वेगळ्या राष्ट्राशी. (तेच फ्रेंच १७७७ मध्ये पुण्यात सेंट ल्यूबिनला पाठवून नाना फडणवीसांशी संधान बांधू पाहत होते, मुंबईकर इंग्रजांची झोप त्यानं उडाली होती.)

शेवटची पावलं खालून वर गेली. एप्रिल १७७६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनानं आपल्या प्रतिनिधींना स्वातंत्र्याला होकार द्यायची मुभा दिली, मे महिन्यात ऱ्होड आयलंडनं राजनिष्ठेची शपथ मोडीत काढली, आणि १५ मे रोजी व्हर्जिनियानं आपल्या प्रतिनिधींना स्वतःहून स्वातंत्र्याचा प्रस्ताव मांडायला सांगितलं. ७ जूनला रिचर्ड हेन्री ली यांनी तो मांडला. १ जुलैच्या चाचणी मतदानात नऊ वसाहती बाजूनं होत्या, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना विरुद्ध. डेलावेअरचे दोन प्रतिनिधी दोन बाजूंना, आणि न्यूयॉर्कला घरून सूचनाच नव्हत्या. रात्रीतून डेलावेअरचे तिसरे प्रतिनिधी सीझर रॉडनी वादळी पावसात घोड्यावरून आले आणि डेलावेअर वळलं. पेनसिल्व्हेनियाचे डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मुद्दाम गैरहजर राहिले. साउथ कॅरोलिनानं एकीसाठी मत बदललं. २ जुलैला बारा विरुद्ध शून्य. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. बहुतेक सह्या २ ऑगस्टच्या.

हा जाहीरनामा मुळातून वाचणार असाल तर 'सर्व माणसं समान' या भागावर थांबू नका, खालची २७ आरोपांची यादी ओळीनं वाचा. सगळे आरोप राजावर आहेत. पार्लमेंट हा शब्द कुठेच येत नाही, कारण त्याचा अधिकार त्यांनी आधीच नाकारला होता. पहिला आरोप विधिमंडळांचे कायदे अडवल्याचा. न्यायाधीशांची नोकरी आणि पगार राजानं आपल्या मुठीत ठेवल्याचा आरोप नववा. संमतीशिवाय कर लावल्याचा सतरावा. आणि सत्ताविसावा, शेवटचा, राजानं आमच्यात अंतर्गत उठाव भडकवले आणि सीमेवरच्या मूळ रहिवाशांना आमच्यावर घातलं, असा. डनमोर यांच्याकडे पळालेले गुलाम त्या 'अंतर्गत उठावां'त आहेत. टॉमस जेफरसन यांनी लिहिलेल्या मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा एक लांबलचक परिच्छेद होता. तो साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांच्या आग्रहावरून काँग्रेसनं काढून टाकला.